उलट्या पायडलचा ब्रेक

चाकणच्या कंपनीत पत्रे दाबायच्या प्रेसखाली दादाच्या डाव्या हाताची बोटं गेली. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये काम दिलं, ते त्याला जमलंही. सायकल मात्र सुटली. दर रविवारी सकाळी तळवड्याहून देहूपर्यंत रपेट मारणारा माणूस, पण मागचा ब्रेक डाव्या हाताला आणि तो दाबायला बोटंच नाहीत. नुसत्या पुढच्या ब्रेकवर एकदा उतारावर तोंडावर आपटला. त्यानंतर रविवारी तो खिडकीशी बसून राहायचा. वहिनी म्हणायची, "काहीही करा, पण ह्यांना घराबाहेर काढा."

मी एका छोट्या युनिटमध्ये फिटर आहे. हातात पाना असला की मला कशाची धास्ती वाटत नाही. चिखलीतल्या भंगारवाल्या चाचांकडे एक जुनी परदेशी सायकल दिसली. हँडलला ब्रेकच नव्हते. तिचा ब्रेक मागच्या चाकाच्या मधोमध, हबच्या पोटात होता. पायडल उलटं मारलं की चाक थांबायचं. हातांना काही कामच नाही!

"ताई, आतून पार जाम आहे," चाचा म्हणाले. "दिवाणखान्यात शोभेला ठेवा."

"चालवायलाच नेतेय, चाचा."

घराच्या पार्किंगमध्ये हब उघडला. आतलं ग्रीस जुन्या डिंकासारखं घट्ट झालं होतं. सगळं डिझेलमध्ये धुतलं, झिजलेले छर्रे बदलले, गुळगुळीत झालेल्या ब्रेकच्या पट्ट्या पॉलिश पेपरनं घासल्या. जोडून मी स्वतःच सायकलवर बसले. पायडल उलटं मारलं, तर ते नुसतंच मागे गरगरलं. पाय टेकवून थांबले.

दादा बघत होता. "राहू दे गं. म्हातारं यंत्र आहे ते."

"यंत्र ठीक आहे. आत काहीतरी पकड सोडतंय."

पुन्हा उघडलं. पायडल उलटं फिरलं की आतला शंकूसारखा कोन सरकून पट्ट्यांना दाबतो. तो सरकावा, नुसता फिरू नये म्हणून एक बारीक स्प्रिंग त्याला धरून असते. तीच ढिली पडली होती. बाजारात मिळायचा प्रश्नच नव्हता. युनिटमध्ये स्प्रिंगच्या पट्टीतून नवी वळवली. पहिली तुटली, दुसरी बसली. मग हबच्या टोकाचा, छर्ऱ्यांवर बसणारा दुसरा कोन आवळायचा: जास्त आवळला तर हब तापतो, कमी आवळला तर चाक डुलतं. चाक बोटानं फिरवत, पाव आटा मागेपुढे करत बसवलं. हबबाहेरचा ब्रेकचा दांडा फ्रेमला नीट कसला, एक फेरी मारून ब्रेक लावून बघितला आणि सायकल दादाच्या पुढ्यात उभी केली.

"तू आधी," तो म्हणाला.

"मी चालवून बघितलीय. आता तू."

देहूच्या रस्त्याला मी स्कूटरवरून त्याच्या मागे होते. उताराला एक टेम्पो अचानक रिव्हर्समध्ये रस्त्यावर आला. दादाचा पाय मागे दाबला गेला, मागचं चाक किंचित घासलं आणि सायकल टेम्पोच्या बऱ्याच अलीकडे उभी राहिली. त्यानं मागे वळून बघितलं. चेहरा लाल झाला होता आणि तो हसत होता.

"लागतो गं! मस्त लागतो."

पुढे गर्दीत स्कूटर अडकून मी मागे पडले, तरी तो थांबला नाही.

प्रेसवर बोटं गमावलेल्या त्याच्या एका सोबत्यासाठी आता दुसरा हब उघडलाय. तशीच आणखी एक सायकल आल्यावर चाचांनीच फोन करून बोलावलं होतं. शोभेला ठेवा, असं ते या वेळी म्हणाले नाहीत.