न फोडलेले पाकीट

वित्स्के हूकस्ट्राला मी ओळखतो ते तिच्या पत्रांवरून. सत्तावीस वर्षे हार्लिंगनमध्ये टपाल वाटल्यावर माणसे आधी पाकिटांनी ओळखू येतात, चेहऱ्यांनी नंतर. बंदरामागच्या गल्लीत तिची आणि तिच्या नवऱ्याची, येल्मरची, बेकरी होती. साखरेचा पाव असा करायचे की खडे दाताखाली यायचे आणि बोटे दुपारपर्यंत चिकट राहायची. मी गेलो की येल्मर स्वतः काउंटरबाहेर यायचा, पत्रांचा गठ्ठा हातातून घ्यायचा आणि वर एक बन द्यायचा. "खा बाउके, तुझ्या सायकलला हेच पेट्रोल!" म्हणायचा. मी खायचो. फुकटचा बन नाकारणारा टपालवाला मी अजून पाहिलेला नाही.

मला कळत होते. गॅसचे भाव भडकले त्या हिवाळ्यात गठ्ठ्यातली निळी पाकिटे वाढली. निळी पाकिटे कर खात्याची, ती सगळ्यांनाच येतात. पण मग खिडकीतून लाल अक्षरे दिसणारी पांढरी यायला लागली, आणि त्यानंतर वसुली अधिकाऱ्याची जाडजूड. येल्मर हसत घेत राहिला. वित्स्के आत भट्टीपाशी असायची, कोपरापर्यंत पिठात, तिथूनच मान हलवायची. दोन-तीनदा वाटले, तिला बाजूला घ्यावे आणि सांगावे. पण टपालवाल्याने लोकांच्या पत्रांविषयी बोलायचे नसते. तो नियम मला फार सोयीचा पडला.

वसुली अधिकारी दुकानात येऊन उभा राहिला तेव्हा तिला कळले. पीठ फुगवायच्या जुन्या, बंद पडलेल्या कपाटात एक्केचाळीस पाकिटे सापडली. एकही फोडलेले नव्हते. भागीदारी दोघांच्या नावावर आणि सह्या दोघांच्या, त्यामुळे कर्जही दोघांचे, आणि तेही अर्धेअर्धे नाही. सगळेच्या सगळे कुणाही एकाकडून मागता येणारे. एक लाख सदतीस हजार युरो. भट्टी, पीठ मळायचे यंत्र, काउंटर, सगळे लिलावात गेले. येल्मर ग्रोनिंगनला भावाकडे निघून गेला, आणि त्याला परत बोलवायला कुणी गेले नाही.

"पैशांचं एवढं नाही हो, बाउके," ती मला एकदा रस्त्यात म्हणाली होती. "वर्षभर हा माणूस माझ्या शेजारी झोपत होता आणि सकाळी उठून पाकिटं लपवत होता. मी कुणाशी संसार करत होते, हेच मला ठाऊक नव्हतं. त्याची भीती वाटते."

मी सायकलची घंटा उगाच वाजवली आणि पुढे गेलो. त्यातले प्रत्येक पाकीट माझ्याच हाताने गेले होते.

पुढे तिने न्यायालयात अर्ज केला आणि तो मंजूर झाला. अठरा महिन्यांचा करार. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिला काम मिळाले होते. त्या पगारातून आठवड्याला साठ युरो खर्चाला ठेवायचे, बाकी सगळे न्यायालयाने नेमलेल्या प्रशासकाकडे. नवे कर्ज नाही, आणि लपवाछपवी तर अजिबात नाही. अठरा महिने नीट गेले तर पाटी कोरी. एकदा जरी पाय घसरला तर अख्खे कर्ज पुन्हा मानेवर, जन्मभरासाठी. ती एकोणचाळीस वर्षांची होती.

प्रशासक म्हणजे रूल्फसेमाबाई, लेऊवार्डनच्या. वित्स्केचे सगळे टपाल आधी त्यांच्याकडे जायचे. त्या ते फोडायच्या, वाचायच्या, आणि मग पंधरा दिवसांनी एका मोठ्या पाकिटात घालून तिला पाठवायच्या. बहिणीचे पत्र असो की दातांच्या डॉक्टरचे, वरून कापलेलेच यायचे. मी ते मोठे पाकीट तिच्या दाराच्या फटीतून सरकवायचो तेव्हा माझ्याच अंगावर काटा यायचा. माणसाला नागडे उभे करून कपडे हातात द्यावेत, तसे वाटायचे.

मार्चमध्ये तिचा वाढदिवस आला. आमच्याकडे वाढदिवसाला कार्डे येतात. खोलीत दोरी बांधून ती वाळत घातल्यासारखी लावतात, आणि किती आली ते शेजारीपाजारी मोजतात. तिच्या दोरीवर त्या वर्षी काही नव्हते. कार्डे सगळी लेऊवार्डनला गेली होती. नेमके त्या दिवशी सकाळी माझ्या गठ्ठ्यात एक पाकीट निघाले. थरथरत्या हाताने लिहिलेला पत्ता यंत्राला वाचता आला नसावा, म्हणून ते लेऊवार्डनकडे वळले नव्हते. मागे पाठवणाऱ्याचे नाव होते, जिक्के आत्या, माकुम. ही तिच्या वडिलांची बहीण, शहाऐंशी वर्षांची.

नियम असा, की त्यावर बाईंच्या पत्त्याची चिकटपट्टी लावून ते लेऊवार्डनला पाठवायचे. मी पट्टी काढली. मग परत खिशात ठेवली. पाकीट तिच्या दारातून सरकवले आणि दोन पावले मागे सरून थांबलो. थोड्या वेळाने ती खिडकीत आली, पाकीट हातात. मी अंगठा वर केला. तिने पडदा ओढून घेतला.

मला वाटले, लाजली. दिवसभर मी स्वतःवरच खूश होतो. बायकोला म्हणालोसुद्धा, "आज एक पुण्याचं काम केलं."

"तू?" ती म्हणाली. "कुणाचं पत्र चुकीच्या घरात टाकलंस?"

त्यानंतर वित्स्के मला टाळायला लागली. समोरून येताना दिसली की रस्ता ओलांडायची. उन्हाळाभर असेच. मी मनाशी म्हटले, असू दे, माणसाला आपले दुःख पाहिलेला साक्षीदार नकोसा होतो.

सप्टेंबरमध्ये जिक्के आत्या वारली. ऑक्टोबरच्या एका शनिवारी दुपारी वित्स्के माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोट काढला नाही. कॉफी दिली, बिस्किटांचा डबा पुढे केला, तिने एक उचलले आणि बशीत ठेवून दिले. मग खिशातून ते पाकीट काढून टेबलावर ठेवले.

"हे काय केलंत तुम्ही, बाउके?"

"कार्ड दिलं. वाढदिवसाचं."

"आत बघा."

कार्डावर ट्यूलिपचे चित्र होते. आत पन्नासच्या चार नोटा, कडक, नव्या.

मी त्या दोनदा मोजल्या.

"सात महिने ठेवलेत मी ते," ती म्हणाली. "हात लावला नाही. सांगितलं असतं तर पहिला प्रश्न तोच, की न फोडता आलंच कसं? तुमची नोकरी गेली असती. नाही सांगितलं, तर मी पैसे लपवले. पीठ मळताना तेच, भाज्या चिरताना तेच. आत्याला आभाराचा फोनही केला नाही. तिनं कुणाजवळ बोललं असतं तर? अंत्यविधीनंतरच्या कॉफीला माझी चुलतबहीण म्हणाली, आत्या शेवटपर्यंत विचारत होती, पोरीला माझं कार्ड मिळालं का गं?"

ती रडली नाही. रडली असती तर बरे झाले असते.

आता मी काय बोललो ते सांगतो, आणि सांगायची मला लाज वाटते. मी म्हणालो, "जाळून टाक ते कार्ड. पैसे उद्या चर्चच्या दानाच्या थैलीत टाक. आत्या गेली. कुणाला कळणार आहे?" जानेवारीत मी निवृत्त होणार होतो. सत्तावीस वर्षे, एकही ठपका नाही. टेबलाखाली दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते.

"येल्मरही असंच म्हणायचा," ती म्हणाली. "कुणाला कळणार आहे."

उठताना म्हणाली, "सोमवारी मी बाईंना सांगणार. तुमचं नाव नाही घेणार." दार लागले, आणि मला हायसे वाटले. खरे सांगतो, हायसे वाटले.

बुधवारी ती मला वाटेत भेटली. चेहरा पिठासारखा. सायकलचे हँडल धरून तिने सगळे सांगितले. रूल्फसेमाबाईंनी नोटा मोजल्या, पावती केली आणि म्हणाल्या, "मला एप्रिलपासून माहीत आहे." झाले होते असे, की आभाराचा फोन आला नाही म्हणून जिक्के आत्याने थेट बाईंनाच फोन लावला होता. "माझ्या भाचीचं कार्ड फोडून दोनशे युरो खाल्लेस, रात्री झोप लागते का तुला?" अशी सुरुवात. बाईंनी ऐकून घेतले, त्यांच्याकडे कार्ड आलेच नव्हते हे ताडले, आणि वाट बघत बसल्या. सहा महिने, ही स्वतःहून बोलते का ते.

"मग बोललीस की तू!"

"मग त्यांनी विचारलं, दारात कुणी टाकलं? मी म्हटलं, ठाऊक नाही." तिने हँडल आणखी घट्ट धरले. "त्या म्हणाल्या, हे खोटं आहे. सात महिने पैसे दडवले आणि आता माझ्या तोंडावर खोटं बोलता आहात. शुक्रवारी माझा अहवाल जातोय. कोरी पाटी देऊ नये असंच मला लिहावं लागेल."

"अगं, मग घे ना माझं नाव!"

"तुम्हाला तीन महिने राहिलेत," ती म्हणाली, आणि चालायला लागली. माझ्याकडून तिने काहीच मागितले नाही. मागितले असते तर मला रागवायला तरी काहीतरी मिळाले असते.

ती बुधवार संध्याकाळ आणि तो गुरुवार मी कसा काढला ते मलाच ठाऊक. दोन पत्रे चुकीच्या घरात टाकली. बायकोने विचारले, तिच्यावर खेकसलो. निवृत्तिवेतन कापतील का, पोलीस येतील का, वर्तमानपत्रात नाव छापतील का, एकेक भीती रांग लावून उभी होती. आणि या सगळ्यांच्या मागे ती, चाळीस वर्षांची, जन्मभर साठ युरोंवर.

शुक्रवारी सकाळी रजा टाकली आणि गाडीने लेऊवार्डनला गेलो. रूल्फसेमाबाई म्हणजे मला वाटले होते कुणी वाघीण असेल. लहान चणीच्या, सर्दी झालेल्या, नाक पुसत होत्या. मी टोपी हातात घेऊन उभ्यानेच सांगितले, "ते पाकीट मी टाकलं. तिचा दोष नाही."

"नियम माहीत होता?"

"होता."

"मग का टाकलंत?"

"त्या दुकानात मी एक्केचाळीस पाकिटं नियमाप्रमाणे पोचवली होती, बाई. तिच्या नवऱ्याच्या हातात. बन खात खात."

बाईंनी रुमाल बाजूला ठेवला आणि लिहायला घेतले. "तुमचं नाव अहवालात येणार. ते मला टाळता येणार नाही. आणि तिनं खोटं सांगितलं, हेही येणार."

"मग तिचं काय?"

"ते न्यायाधीश ठरवतील."

सुनावणी डिसेंबरच्या सुरुवातीला झाली. मला साक्षीला बोलावले होते. दोन मिनिटांत संपले. मग न्यायाधीशांनी चष्मा काढून वित्स्केला विचारले, "एवढे महिने का बोलला नाहीत?"

"पहिल्या दिवशी आनंद झाला म्हणून," ती म्हणाली. "कुणी न फोडलेलं पत्र मला नऊ महिन्यांनी मिळालं होतं. मी ते संध्याकाळपर्यंत तसंच ठेवलं, उघडलं नाही. उघडल्यावर भीती वाटायला लागली, म्हणून बोलले नाही."

न्यायाधीशांनी चष्मा परत चढवला. निकाल आठ दिवसांत कळवू, असे सांगितले. बाहेर आल्यावर ती रूल्फसेमाबाईंना विचारत होती, "नाही म्हणाले तर किती वर्षं?" आणि बाई म्हणत होत्या, "ते आत्ता नको." म्हणजे उत्तर होतेच.

मधल्या दिवसांत मलाही साहेबांनी बोलावून लेखी ताकीद दिली. सत्तावीस वर्षांतली पहिली. कागद घेऊन बाहेर आलो तेव्हा जाणवले, की मला त्या कागदाची भीती उरलेलीच नाही. सगळी भीती तिच्या निकालाकडे गेली होती.

आठव्या दिवशी न्यायालयाचे पाकीट माझ्या गठ्ठ्यात आले. तिचेच नाव, तिचाच पत्ता. टपालाची अडवणूक उठली होती, एवढे तरी त्यावरून कळत होते. पण तेवढ्याने काही ठरत नव्हते. नकार मिळाला तरी ती उठतेच. पाकीट पातळ होते, आणि पातळ चांगले की वाईट, हे सत्तावीस वर्षांनंतरही मला सांगता येत नव्हते. ते फटीतून टाकायचा धीर झाला नाही. मी काचेवर टकटक केली आणि हाक मारली, "वित्स्के, मी आहे, बाउके!"

तिने पाकीट घेतले, उलटेसुलटे पाहिले. "आधी बाईंना दाखवायला हवं ना?"

"आता नाही, पोरी."

तिने अंगठ्याने फोडले. वाचले. परत वाचले. मग माझ्याकडे दिले, "तुम्ही वाचा. माझा विश्वास नाही बसत." मी मोठ्याने वाचले. दोष क्षुल्लक नाही, पण रक्कम पूर्ण परत केली आहे. करार पूर्ण झाला असे मानण्यात येत आहे. उरलेली कर्जे यापुढे कुणालाही वसूल करता येणार नाहीत. तिने भिंतीला पाठ टेकली. कितीतरी वेळ नुसता श्वास घेत होती. मीही. माझे डोळे भरून आले होते आणि नाक मी टपालाच्या हातमोज्याला पुसले.

मग ती म्हणाली, "तुम्ही बेल नाही वाजवलीत."

"का? चालत नाही का?"

"चालते. तीन वर्षं मी बेलला दार उघडलेलं नाही. वसुलीवाला आला त्या दिवसापासून. वाजली की मी न्हाणीघरात जाऊन बसते. बहिणीला सांगून ठेवलंय, येशील तेव्हा काचेवर टकटक कर." तिने बेलच्या बटणाकडे पाहिले. "आता वाजली तर उघडायचं, नाही का?"

"उघडायचं."

"एकदा वाजवून बघता?"

ती आत गेली. दार लागले, किल्ली फिरली, साखळी घातल्याचा आवाज आला. मी गठ्ठा खाली ठेवला आणि बटण दाबले. आत बेल वाजली, मोठी, कर्कश. मग काहीच नाही. शेजारची म्हातारी पडदा सारून बघायला लागली. मला पुन्हा दाबावेसे वाटले, पण दाबले नाही. तिथेच उभा राहिलो. बराच वेळ गेला. मग आतून पावले आली, दारापाशी थांबली, आणि साखळी निघाली.