देवाच्या हाती सोपवलेली आई

माझ्या काकाला संत ठरवायचं घाटलं आणि आमच्या आत्याचं डोकं फिरलं.

काका म्हणजे फादरकाका, माझ्या वडिलांचा मधला भाऊ. ऐन तरुणपणी मिशनरी होऊन समुद्रापलीकडे गेला, तिकडच्या कुष्ठरोग्यांच्या जखमा धुतल्या आणि तिकडेच वारला. आत्या त्याची मोठी बहीण. ती कुठेच गेली नाही. अंथरुणाला खिळलेली आजी, खाटेला लागून एक खुर्ची, आणि मांडीवर शर्टाच्या कारखान्यातून आलेला गठ्ठा, हेच तिचं जग. काजं करायची, बटणं लावायची, मधेच उठून आजीला कुशीवर वळवायची. अशी अकरा वर्षं गेली. एकदा लग्नासाठी तिला बघायला म्हणून कोणी आलं होतं. खोलीतल्या वासानेच ते चहा अर्धवट ठेवून उठलं.

संतपदासाठी चौकशी सुरू झाली तशी चर्चने काकाच्या आयुष्यावर एक पुस्तिका काढली. मी ती आत्याला वाचून दाखवत होते. एका वाक्याशी तिने मला थांबवलं. ‘आजारी मातेला देवाच्या हाती सोपवून ते सेवेच्या वाटेने निघाले.’

“देवाच्या?” आत्या म्हणाली. “माझ्या हाती सोपवून गेला तो. चादरी काय देव धूत होता?”

तेवढं एक वाक्य बदला, इतकंच तिचं म्हणणं. मला वाटलं, त्यात काय मोठंसं! चर्चच्या दारावर सूचनाही लावली होती की उमेदवाराविरुद्ध कोणाला काही सांगायचं असेल तर त्याने येऊन सांगावं. मग आम्ही गेलो. कचेरी तिसऱ्या मजल्यावर, आणि आत्याचे गुडघे कामातून गेलेले. प्रत्येक वळणावर ती काकाच्या नावाने बोटं मोडत चढली.

चौकशीचे फादर गोड माणूस. इतका गोड की त्यांच्याशी भांडताच येईना. शेजारी एक कारकून टाइप करत बसला होता.

“माझी रजई त्याने दारातल्या भिकाऱ्याला देऊन टाकली,” आत्याने सुरुवात केली. “ऐन थंडीत. मला न विचारता.”

फादरांचा चेहरा उजळला. “लहानपणापासून दानशूर. लिहा.”

“स्वतःची नाही हो, माझी!”

“वस्तूंचा मोहच नाही. हेही लिहा.”

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी कपाळाला हात लावला.

“हट्टी होता. आईने हात जोडले, जाऊ नको म्हणाली. ऐकलं नाही.”

“देवाची हाक आल्यावर कोण थांबणार, आजी? लिहा, निश्चय अढळ.”

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे ऐकून होते. इथे तर बाब्याने काच फोडली तरी त्याचा नेम वाखाणत होते. मग आत्याने पदराने तोंड पुसलं आणि जे घरातही कधी बोलली नव्हती ते सांगितलं.

“एकदाच रजेवर आला होता. मी गठ्ठा पोचवायला कारखान्यात गेले होते. परत येते तर आई ओल्या अंथरुणात तशीच पडलेली, आणि हा बाहेर कठड्याला टेकून जपमाळ ओढतोय. म्हणाला, ताई, मला नाही गं जमत.”

कारकुनाची बोटं थांबली. मला वाटलं, आता फादर सापडले. फादरांनी चष्मा काढला. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं.

“आणि त्याच माणसाने पुढे परक्यांच्या जखमा धुतल्या! स्वतःच्या किळसेवर केवढा हा विजय! आजी, हे फार मोलाचं सांगितलंत.”

“आणि त्या दिवशीची चादर?”

“कुठली चादर?”

“आईची. ती कोणी बदलली, ते लिहा की.”

“आजी,” फादर समजूत घालत म्हणाले, “चौकशी त्यांची आहे. तुमची नाही.”

जिना उतरताना आत्या दुसऱ्या मजल्यावर पायरीवरच बसली आणि रडली. आजी गेली तेव्हा न रडलेली बाई, रागाने रडली. मलाही वर जाऊन त्या फादरांची पांढरी कॉलर धरावीशी वाटत होती. पण काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी.

पुढे यथावकाश काका संत ठरला. आमच्या चर्चमध्ये मोठा समारंभ झाला, संताची बहीण म्हणून आत्याला पहिल्या रांगेत खुर्ची मिळाली. माइकवरून पुस्तिका वाचणं सुरू होतं. ते वाक्य आलं. तसंच्या तसं. आत्याने काठीची मूठ इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली.

तेवढ्यात एक बाई वाकून आमच्यापर्यंत आली. विस्कटलेले केस, अंगाला फिनेलचा वास. तिने आत्याचा हात धरला.

“मावशी, तुमच्या भावाला माझ्यासाठी देवाकडे शब्द टाकायला सांगा ना. आई अंथरुणावर आहे. पाठ सोलवटलीये तिची. माझा भाऊ बाहेरगावी असतो, त्याला येता येत नाही.”

“माझ्या भावाला नको सांगूस,” आत्या म्हणाली.

बाई घाबरली. आजूबाजूची दोन-चार डोकी वळली.

“त्यातलं त्याला काही कळत नाही. कुशीवर वळवतेस का तिला?”

“एकटीला उचलत नाही हो मला.”

“उचलायचं नसतंच. खाली दुहेरी चादर घालायची आणि ती ओढायची. चल, दाखवते. घर कुठंय?”

“आत्ता? अहो, पण तुमच्या भावाच्या फोटोवरचा पडदा काढतायत...”

आत्या काठी टेकत उठली आणि मला म्हणाली, “वाट कर गं.” मग त्या बाईचं मनगट धरून दाराकडे चालू लागली.

“तो कुठे पळून जातोय? आधी तुझ्या आईला वळवू.”