दोन गाठींच्या कांड्या

सुमती केशव परांजपे, तुझ्या गाठी आज सुटल्या. म्हणून हे प्रथम तुला सांगतो, आणि मग वाफेची छोटी इंजिने बनवणाऱ्या आपल्या मंडळाच्या या फिरत्या वहीतून सभासदांना.

सभासदहो, मुलुंडच्या आपल्या कार्यशाळेतील धातूचे सांधे जोडायच्या चांदीच्या डाखाच्या कांड्यांना माझी दिवंगत पत्नी सुमती दोरा बांधून ठेवीत असे. साध्या कांडीला एक गाठ आणि कॅडमियम असलेल्या कांडीला दोन. तापलेल्या कॅडमियमचा धूर फुप्फुसांना घातक असतो.

आज आपले सभासद सावंत यांनी कार्यशाळेतले कपाट आवरताना सर्व दोरे काढले आणि कांड्या एकाच डब्यात भरल्या. छोट्या इंजिनाच्या बॉयलरचा शेवटचा सांधा तेवढा राहिला होता. ते इंजिन चालताना पाहण्याची सुमतीची इच्छा होती.

“अहो परांजपे, सगळ्या सारख्याच दिसतात. लावा की कुठलीही!”

“सारख्या दिसतात, हीच तर अडचण आहे.”

“मग कथलाचा डाख लावू या?”

“कथील कमी उष्णतेला वितळते. वाफेने सांधा सुटला, तर तोंड कोणाचे भाजेल?”

“तुमचंच! माझं वहिनींच्या चहानं केव्हाच भाजलंय.”

ती गेल्यानंतर त्या खोलीत आम्ही प्रथमच हसलो.

मी डाख वितळवायची बत्ती पेटवली नाही. डब्यावर ‘ओळख नाही, वापरू नये’ अशी चिठ्ठी चिकटवली. घटक छापलेल्या, कॅडमियमविरहित नव्या कांड्या आणून सांधा मीच पुरा करीन, तोही बाहेर मोकळ्या हवेत.

त्या गाठींचा अर्थ आम्ही दोघांनी कधी लिहून ठेवला नव्हता. आपल्या डब्यात काय आहे, हे आपल्यानंतर कोणाला कळेल का?

दाराला कुलूप लावले. किल्ल्या नेहमीप्रमाणे जागेच्या मालकांकडे परत दिल्या.