माफीनाम्याचा फोटो

"खाली बस," ते म्हणाले.

मी बसलो. परळच्या भर फुटपाथवर, गटाराच्या झाकणाशेजारी, उकिडवा. वय वर्षं एकावन्न. कॅमेरा वॉचमनच्या हातात. मेलेला उंदीर शेपटीने धरावा तसा त्याने तो पट्ट्याने धरला होता. कानात घूं घूं आवाज येत होता, तरी माझ्या तोंडून निघालं, "लेन्सला बोट लावू नका हो."

खाली बसवणारे गृहस्थ मागच्या टॉवरच्या सोसायटीचे अध्यक्ष. अर्धी चड्डी, पांढरे बूट, हातात मोबाइल. मराठीच. बोलणं स्वच्छ, शुद्ध. शिवी एकही दिली नाही. त्यांना गरज नव्हती.

माझा गुन्हा एवढाच, की मी एका फाटकाचा फोटो काढला होता.

आमची चाळ गिरणीच्या भिंतीला चिकटून. गिरणी गेली, टॉवर आला, पण चाळीतून मोठ्या रस्त्याला लागणारी बोळाएवढी वाट राहिली. आजोबा त्या वाटेने पाळीला गेले. त्याच वाटेने वराती आल्या, तिरड्या गेल्या. टॉवरवाल्यांनी आधी तिथे फाटक बसवलं. मग फाटकाला कुलूप घातलं. शेजारच्या सुमनमावशींच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा चौघांनी त्यांना खुर्चीत बसवून लांबच्या वळशाने ॲम्ब्युलन्सपर्यंत नेलं. मावशी वाचल्या. चाळ कोर्टात गेली. टॉवरवाल्यांनी कोर्टात लिहून दिलं: फाटक आहे, कुलूप कधीच नव्हतं.

चाळीचं वकीलपत्र तिसऱ्या मजल्यावरच्या प्रज्ञाकडे. तिच्या नामकरणाचे फोटो मीच काढलेले. ती म्हणाली, "काका, कुलपाचा एक फोटो द्या. चांगल्या कॅमेऱ्यातला, तारीखवेळेचा. पुढचं मी बघते." मी छाती काढून गेलो. पाच मिनिटांत गटाराशेजारी.

"कोणासाठी काढतोस?"

"हौस म्हणून, साहेब."

"पूर्ण नाव?"

मी माझं नाव सांगितलं. बापाचं सांगितलं. आडनाव गिळलं.

"आडनाव?"

मी गटाराच्या झाकणाकडे बघितलं.

ते हसले. "राहू दे. कळलं."

हे 'कळलं' मला जुनं आहे. गिरगावात फणसवाडीत एका मुंजीचे फोटो काढायला गेलो होतो, तरुणपणी. यजमानांनी आडनाव विचारलं. मी सांगितलं. थोड्या वेळाने पाणी आलं. बँडवाल्याला, आचाऱ्याला स्टीलच्या पेल्यात. मला कागदी कपात. मी प्यालो. वर त्या घरच्या बाईंचे असे फोटो काढले, की त्यांना स्वतःचीच दृष्ट लागावी. दुसऱ्या दिवशी माझी सगळी व्हिजिटिंग कार्डं फेकली आणि नवी छापली. त्यांवर माझं नाव आणि पुढे नुसतं 'फोटो'. आडनावाच्या जागी धंदा. पंचवीस वर्षं तेच कार्ड चाललं.

"एकेक फोटो पुसायचा. माझ्यासमोर," अध्यक्ष म्हणाले.

मी पुसले. दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. मग त्यांनी वॉचमनच्या केबिनमधून कागद मागवला.

"लिही. माफीनामा. काय काढलंस ते नीट लिही. पळवाट नको. फाटक, कुलूप, केबिन, सगळं लिही."

मी मांडीवर कागद ठेवून लिहिलं. खाली सही केली. शेजारी त्यांनी सोसायटीचा शिक्का मारला. मग मोबाइल वर केला.

"वर बघ. हास जरा."

आख्ख्या लालबाग-परळला मी 'हसा जरा' म्हणत आलो. नवऱ्यांना, नवऱ्यांच्या रुसलेल्या काकांना. त्या दिवशी मी स्वतः हसलो. एक बाई कुत्रं घेऊन तिथून चालली होती. फोटोच्या मध्ये येऊ नये म्हणून ती थांबली. कुत्रंही थांबलं.

आता गंमत ऐका. मी दर रविवारी दादरला नव्या फोटोग्राफरांना शिकवतो. लेन्सपेक्षा माझा कायद्याचा तास जास्त गाजतो, कारण मी तो नाटकासकट घेतो. वॉचमन मीच, हवालदार मीच, घाबरलेला फोटोग्राफरही मीच. 'रस्त्यावर उभं राहून जे सगळ्यांना दिसतं त्याचा फोटो काढणं हा एरवी गुन्हा नाही. नौदलाची वगैरे बंदीची ठिकाणं वेगळी, तिथे शहाणपणा करू नका. कुणाच्या खासगीपणात घुसू नका. सोसायटीच्या वॉचमनला तुमचा कॅमेरा हिसकावण्याचा, फोटो पुसायला लावण्याचा अधिकार नाही. पोलिसांनी कॅमेरा घेतला तर लेखी घ्या. आणि कुठल्याही दडपणाखाली माफीनामा लिहू नका.' टाळ्या पडतात.

मला सगळं पाठ होतं. गुडघ्यांना पाठ नव्हतं.

आणखी एक मी शिकवतो. पुसलेला फोटो लगेच जात नाही. कॅमेऱ्यातल्या कार्डावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत तो परत मिळू शकतो. म्हणून पुसायला लावलं तर कार्ड काढायचं, खिशात घालायचं, पुन्हा वापरायचं नाही. दुसऱ्या दिवशी लालबागला हळद होती. लग्नाचे फोटो काढणाऱ्याचा हात कार्ड कॅमेऱ्यात गेलं की आपोआप फॉरमॅटच्या, म्हणजे कार्ड कोरं करायच्या बटणावर जातो, देवळासमोरून जाताना काहींचा हात कपाळाला जातो तसा. गेला. आठशे फोटो काढले. संध्याकाळी नवरीची आई मला गुलाबजाम वाढत होती, तेव्हा आठवलं. पुसलेल्या कुलपावर मी दिवसभर हळद फासत होतो.

तोवर टॉवरवाल्यांनी कुलूपही काढून टाकलं होतं. दुसरा फोटो काढायची सोय संपली.

मी आठवडाभर लांबून वळसा घालून गेलो. चाळीतला प्रत्येक बूट मला पांढरा दिसायचा. फोन वाजला की आधी नंबर बघायचो. सही त्यांच्याकडे, उद्या पोलीस आले तर? प्रज्ञा जिन्यात भेटली. "काका, फोटो?"

"कॅमेरा बिघडलाय गं."

मी मान खाली घालून उतरलो.

मला बाहेर काढलं सुमनमावशींनी. गॅलरीत पापड उलटत म्हणाल्या, "अरे, त्या केबिनच्या काचेवर तुजो फोटो लावलोहा. उकिडवो बसलेलो. माका वाटला गेलोस की काय. पण फोटोक हार नाय, खाली कायतरी चिकटवलाहा."

"खाली काय आहे, मावशी?"

"कागद आसा. अक्षर तुजाच. आनि ह्यो मोठो जांभळो शिक्को."

मग शब्द आठवले. त्यांनीच सांगितलेले, मी लिहिलेले: 'आज सकाळी मी कुलूप लावलेल्या फाटकाचे फोटो काढले.' वर तारीख. खाली, कोर्टात कुलूप नाकारणाऱ्या त्याच सोसायटीचा शिक्का. माझी जिरवायला त्यांनी तो रस्त्याकडे तोंड करून लावला होता.

खरं सांगतो, आनंद झाला नाही. भीतीच वाटली. कारण आता परत तिथेच जावं लागणार होतं.

सकाळी दहाला गेलो. मुद्दाम वर्दळीच्या वेळी. फुटपाथवर उभा राहिलो. काचेवर माझा फोटो: उकिडवा, ओशाळवाणा, उजेड मागून, चेहरा काळा. फोटो काढणाऱ्याला धंद्यातलं शून्य कळत होतं. काचेत सूर्य चमकत होता, म्हणून कागदाचं अक्षर लागेना. आणखी जवळ जायला हवं होतं. गेलो. पहिला फोटो हलला. दुसराही. तिसऱ्याला श्वास रोखला. अक्षर, तारीख, शिक्का, मागे फाटक. सगळं आलं.

वॉचमन बाहेर आला. "काका, जावा ना. साहेब खालीच आहेत."

साहेब खालीच होते. "परत? अरे, तुम्हा लोकांना एकदा सांगून कळत नाही का? दे तो कॅमेरा. बस खाली."

माझे गुडघे वाकू लागले. खरंच. सवयीने.

"नाही," मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, नाटकातल्या हवालदारासारखा नव्हे. "मी पालिकेच्या फुटपाथवर आहे. पोलिसांना बोलवा. त्यांनी कॅमेरा मागितला तर लेखी घेऊन देईन. तुम्हाला देणार नाही."

"आवाज कुणावर चढवतोस?"

"चढवला नाही, साहेब. एवढाच आहे."

वॉचमनने मागे हात बांधले. पुढे आला नाही. साहेब त्याच्याकडे बघत राहिले, आणि मी निघालो. पळालो नाही. पळायचं मनात फार होतं. घरी येऊन पहिल्यांदा कार्ड काढलं, पाकिटात घातलं, चिकटवलं. मग न्हाणीघरात जाऊन ओकलो.

प्रज्ञाला कार्ड दिलं आणि सगळं सांगितलं, हळदीसकट. तिने हसू दाबलं नाही. मग म्हणाली, "काका, कोर्टात नुसता फोटो चालत नाही. सोबत प्रमाणपत्र लागतं. कॅमेरा कोणता, कार्ड कोणतं, फोटो कोणी काढला. तुमच्या सहीने. पूर्ण नावाने. त्याची प्रत त्यांच्या वकिलाला जाईल. साक्षीला उभं राहावं लागेल, उलटतपासणी होईल. तो माफीनामाही ते तुमच्यावर उलटवायला बघतील. विचार करून सांगा."

"पेन दे."

माझं नाव लिहिलं. बापाचं लिहिलं. मग आडनाव लिहिलं. ठळक, दोनदा गिरवून.

तारखा पडताहेत. फाटक उघडं आहे, पण काढलेलं कुलूप परत आलंय, उघडंच साखळीला लटकतंय. कधीही बसेल. मी रोज त्याच वाटेने जातो. धंद्याची नवी कार्डं छापून घेतली, पूर्ण नावाची. रविवारच्या वर्गात ती आधी वाटतो, मग कायदा सांगतो, आणि मग सांगतो की मी एकदा खाली बसलो होतो. टाळ्या पडत नाहीत.

फाटकाशी आलो की गुडघे आजही कापतात. कापू देत. उभ्याने कापतात. पुढच्या तारखेला साक्षीच्या पिंजऱ्यात मला खुर्ची दिली तरी मी बसणार नाही.