पुढची दोन चाकं

भिलाईत थंडी ती काय पडते, असं माझा भाऊ पुण्याहून फोनवर म्हणायचा, तेव्हा त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटायची. थंडी पडत नाही, धूर पडतो. दिवाळी जवळ आली, पंखे बंद झाले, की मरोद्याच्या आमच्या गल्लीत कोळशाच्या सिगड्या पेटतात, कोणी कचरा जाळतं, कोणी जुने टायर, आणि तो सगळा धूर वर जायचं नावच घेत नाही. क्वार्टरच्या खिडकीबाहेर गोधडी वाळत घातल्यासारखा लोंबत राहतो. त्या खिडकीच्या आत बाबा दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून बसायचे आणि एकेक श्वास ओढून आणायचे.

बाबांचं सगळं आयुष्य भिलाईच्या पोलाद प्लांटमधे गेलं, लोखंडी ढाचे जोडायच्या शॉपमधे. बिडी मात्र त्याच्याही आधीपासूनची. रिटायर झाले तेव्हा बिडी सुटली, पण तोवर फुप्फुसांनी हात टेकले होते. मागच्या हिवाळ्यात त्यांना श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागलं. त्यातून ते परत आले, यावर डॉक्टरांचाही विश्वास बसला नव्हता. या वर्षी डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं आणि सांगितलं, की थंडी सुरू व्हायच्या आत यांना या धुरातून काढा. पुन्हा तसा झटका आला तर माझ्या हातात काही राहणार नाही, असंही ते म्हणाले.

काढा म्हणजे कुठं काढा? भाऊ चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. बाबांना तर एकच जागा ठाऊक होती. गोंदियाकडचं आमचं गाव, जिथून ते मिसरूड फुटायच्या वयात प्लांटमधे लागायला आले. तिथं धाकटा काका राहतो. घर वस्तीपासून दूर, शेताच्या कडेला, पलीकडे जंगल. काकानं तर फोन ऐकल्या ऐकल्या चूल घराच्या मागं नेली, मोठ्या भावाला धूर नको म्हणून.

पण खरं घोडं नदीशी पेंड खात होतं. गावाच्या अलीकडे नदी आहे आणि तिच्यावरचा रपटा, म्हणजे तो बुटका सिमेंटचा पूल, पावसाळ्यात वाहून गेला होता. हिवाळ्यात पाणी घोट्याइतकं, पण वाळू अशी की साधी गाडी रुतलीच म्हणून समजा. बैलबंड्या जात होत्या, ट्रॅक्टर जात होते. त्यांच्या धक्क्यांनी बाबांचा होता तो श्वासही गेला असता. शिवाय त्यांना ऑक्सिजनचं सिलिंडर लागायचं, ते दर आठवड्याला भरून न्यायचं, आणि काही कमीजास्त झालं तर लगेच उचलून दवाखान्यात आणायचं. म्हणून वाळूतून जाणारी, चारही चाकं ओढणारी गाडी हवी होती. फोर-बाय-फोर. माझ्या क्लार्कच्या पगारात ती जुनीच बसणार होती, आणि त्यातलीही सगळ्यात स्वस्त.

मी ऑफिस सुटलं की गाड्या बघत फिरायचे. हुडको कॉलनीत एक बघितली, तिचं दार हातात आलं. एक नुसती दिसायलाच जीप होती, तिची मागचीच चाकं चालायची. एकानं चांगली दाखवली आणि किंमत ऐकून मी पाणी मागितलं. इकडे रोज संध्याकाळी धूर थोडा लवकर उतरायला लागला होता. बाबांना आता जेवताना घास आणि श्वास यांतलं एकच काहीतरी जमायचं. आई देवाजवळ बसायची आणि मी चिडायचे, की देवानं गाडी पाठवली तर डिझेल कोण घालणार. चिडणं एवढंच माझ्याजवळ होतं.

शेवटी भिलाईतल्याच रुआबांध्यात एक जीप सापडली. विकणारा ठेकेदारीत होता, बोलायला गोड. ‘चारों चक्का खींचती है मैडम, पहाड़ चढ़ जाएगी,’ एवढं त्यानं चारदा सांगितलं. बाबा म्हणाले, मी येतो बघायला. आई नको म्हणाली, मी नको म्हटलं. ते आमच्याकडे न बघता चपला घालायला लागले.

इथं आमच्या लोकांची एक खोड सांगायला हवी. प्लांटमधल्या घरांत कुठल्याही वस्तूची पारख लोखंडावरून होते. पंखा असो, पलंग असो, आधी बोटानं वाजवून बघायचा. माझं एक स्थळ बाबांनी मुलाच्या घरचा लोखंडी जिना वाजवून नाकारलं होतं. म्हणाले, ज्यांना वेल्डिंग करवून घेता येत नाही ते पोरगी काय सांभाळतील. त्यांनी जीपजवळ गेल्याबरोबर पिशवीतून आपली छोटी हातोडी काढली. चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत गेले. एक ठोका, कान लावायचा, दम घ्यायचा, पुढं सरकायचं. मी खुर्ची घेऊन मागं मागं. त्यांच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा असा उजळला होता, की कित्येक महिन्यांत मी तो तसा पाहिला नव्हता.

‘लोखंड जितं हाये,’ ते म्हणाले. ‘आंधी आली तरी याले काई होत नाई.’

झालं. आमच्यासाठी गाडी पास झाली. मी चालवून पाहिली, पुढच्या चाकांनाही जोर लावणारा छोटा दांडा ओढला, तो खट्ट करून बसला. गाडीखाली वाकून बघावं, हे ना मला सुचलं ना बाबांना. बाबांनी ठोकून घेतलेली वस्तू पुन्हा तपासायची म्हणजे आमच्या घरात त्यांचा अपमानच. घरी आणल्यावर आईनं नारळ फोडला आणि चारही चाकांखाली लिंबं ठेवली. मी गाडी पुढं घेतली, लिंबं फुटली. गल्लीतले लोक बघत होते आणि बाबा दारात खुर्ची टाकून त्यांना चॅसीची जाडी सांगत होते.

दिवाळीचे दिवे विझले तशी आम्ही निघालो. बाबा माझ्या शेजारी, आई मागं सिलिंडर धरून. हायवेला जीप सुरेख धावली. नदीवर पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि पलीकडच्या काठावर काका उभा दिसत होता. मी दांडा ओढला, खट्ट झालं, आणि गाडी वाळूत घातली. निम्म्या नदीपर्यंत गेली. मग मागची चाकं फिरायला लागली, वाळू उडवायला लागली, आणि गाडी मागच्या बाजूनं खाली बसली.

मी उतरले. मागची चाकं रुतली होती. पुढची दोन्ही चाकं जशीच्या तशी उभी होती, जरासुद्धा फिरली नव्हती. मी वाळूत आडवी पडून खाली पाहिलं. इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा लोखंडी शाफ्ट होता. पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्टच नव्हता. कोणीतरी तो काढून घेतला होता आणि उघड्या तोंडावर ग्रीसचा गोळा थापून वरून चिंधी बांधली होती. दांडा ओढला की खट्ट व्हायचं आणि पुढं कशालाच काही व्हायचं नाही. मी त्या ओल्या वाळूत पडून राहिले. रडू येईना, शिव्याही येईनात. काका पाण्यातून चालत आला, माझ्याशेजारी वाकला, त्यानंही पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. तो हातांची वाळू झटकत उठला.

‘काय झालं?’ बाबांनी वरून विचारलं. नळी नाकात, मान खिडकीबाहेर.

‘पुढचा गियर नाई बसला बाबा. मले नाई जमलं.’

‘कावून नाई जमलं? घरी तं बराबर लावून राहिली होती.’

‘वाळूत भेली मी.’

हे मी का म्हटलं, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला. तेव्हा विचार केला नव्हता. ते हातोडी घेऊन कान लावताना माझ्या डोळ्यांसमोर होते, एवढंच. बाबांनी मला मग दम लागेपर्यंत झापलं. इतकी सोपी गोष्ट, एवढी शिकली आणि एक दांडा ओढता येत नाही. मी मान खाली घालून ऐकलं आणि मला बरं वाटलं.

काकानं गावातून बाज आणली आणि तीन माणसं. बाबांना बाजेवर निजवलं, चौघांनी चार पाय धरले आणि खांद्यावर घेतले, कारण रुतणाऱ्या वाळूत हातात धरून चालता येईना. आई सिलिंडर छातीशी धरून बाजूनं चालत होती. मधल्या धारेत बाबांनी डोळ्यांवर हात घेतला. ‘जितेपणीच चौघाईनं उचललं मले,’ ते म्हणाले, आणि आईचा बांध फुटला. जीप मागाहून बैलांनी ओढून अलीकडच्या काठावर आणली.

बाबांना गाव मानवलं. नखांचा निळेपणा गेला, भात दोनदा मागून खायला लागले. भेटायला येईल त्याला सांगायचे, की गाडी घेतली आपण, नदीच्या काठापर्यंत येते ती, लोखंड एक नंबर, पण पोरीले चालवताच येत नाई. मी गावात असले की लोक माझ्याकडे बघून हसायचे. काका तेवढ्यापुरता उठून गोठ्यात जायचा. आईलाही आम्ही काही सांगितलं नव्हतं.

मी भिलाईला परत नोकरीवर. दर रविवारी भरलेलं सिलिंडर जीपमधे घालून नदीपर्यंत आणायचे, तिथून काका ते आणि मला बंडीत घालून घरी न्यायचा. रुआबांध्याच्या ठेकेदारानं फोन उचलणं सोडलं होतं. गाडीच्या मिस्त्रीकडे गेले तर त्यानं पुढच्या चाकांमधला गियरचा गोळा उघडून दाखवला, आतले दातेही काढलेले, नुसता डबा. नवं सगळं बसवायचं तर दुसऱ्या जीपइतका खर्च झाला असता. जुनं बघतो म्हणाला, आणि दर आठवड्याला पुढच्या आठवड्यावर ढकलत राहिला. मी त्याच्या दारात उभी राहून भांडायचे, हात जोडायचे, पुन्हा भांडायचे. थंडी वाढत होती. बाबांना गाडीची गरज लागायच्या आत ती खरी गाडी व्हावी, एवढंच मी मागत होते.

ती झाली नाही. जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी मी नदीवर पोचले तर धुक्यात काका पाण्यातच उभा होता. आदल्या दिवसापासून बाबांना ताप होता, कफ सुटत नव्हता, फोन लागत नव्हता. मी धावत घरी गेले. बाबा खाटेवर बसले होते, ओठ जांभळे, मानेच्या शिरा प्रत्येक श्वासाला वर येत होत्या. काकानं ती तीन माणसं बोलावून आणली. बाज दारात आली. बाबांनी ती पाहिली आणि खाटेची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली.

‘गाडी आन,’ ते मला म्हणाले. प्रत्येक शब्दाला श्वास लागत होता. ‘मी बसतो बाजूले. सांगतो तुले... कसं लावाचं.’

काका म्हणाला, भाऊ, बाजेवर चाला, येळ नाई. आईनं त्यांची बोटं सोडवायचा प्रयत्न केला. ते ऐकेनात.

‘पुन्हा उचलाचं असन... तं मेल्यावर उचला.’

मी त्यांच्यासमोर खाली बसले. दुसरं काही सुचलं असतं तर मी ते केलं असतं. देवाशप्पथ केलं असतं.

‘बाबा, गाडी नाई येऊ शकत,’ मी म्हटलं. ‘तिले पुढचा शाफ्टच नाई. घेतली तवाच नव्हता. त्यानं काढून इकली आपल्याले.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग काकाकडे पाहिलं, आणि काकानं मान खाली घातली. खाटेच्या कडेवरचे हात बाबांनी आपणच सोडले. निजवताना, उचलताना, पाण्यातून जाताना, कशालाच ते नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं ते रागावतील. मी त्यांच्या रागाची वाट बघत बाजेशेजारून चालत होते.

काठावर बाज जीपला टेकून ठेवली. मी मागचं दार उघडत होते, तेव्हा ठोका ऐकू आला. बाबांनी पांघरुणातून हात काढला होता आणि बोटांच्या पेरांनी मडगार्ड वाजवत होते. एकदा वाजवलं, थांबले, पुन्हा वाजवलं.

‘लोखंड तं बराबर होतं न, बेटा?’

‘हो बाबा. लोखंड एक नंबर हाये.’

त्यांनी मान हलवली. मग मी आणि काकानं त्यांना आत निजवलं, नवीन सिलिंडर लावलं, आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली आणि मी तालुक्याच्या दवाखान्याकडे जीप सोडली. धुकं फाटत होतं. रस्ता रिकामा होता आणि मी होता नव्हता तेवढा जोर देत होते.

अर्धा रस्ता झाला असेल, तेव्हा मागून येणारी बाबांच्या श्वासाची घरघर थांबली. आईनं मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो काढलाच नाही. मी गाडी थांबवली नाही. डांबरी रस्त्यावर ती कुठंच अडत नव्हती.