खरड छाटणीनंतरचा बर्फ

पोट भरलं, बैठकीत सोफा आला, सोफ्यापुढं काचेचं टेबल आलं, की माणसाला घसरायची हौस येते. हे मी कुठं वाचलेलं नाही. माझं वाचन सातवीतच थांबलं. हे मी तासगावात एका द्राक्ष बागायतदाराची जीप चालवताना डोळ्यांनी पाहिलंय. सत्तर सालानंतरची ती वर्षं होती आणि द्राक्षानं तिकडच्या घरांना नुकताच गोड पैसा दाखवायला सुरुवात केली होती.

माझं गाव मेढ्याच्या वरच्या अंगाला, डोंगरात. वडील गेले, शाळा सुटली ती सुटलीच. चार ठिकाणी राबून, दोन ठिकाणी शिव्या खाऊन शेवटी अण्णांकडं टेकलो. अण्णा म्हणजे ते बागायतदार. जैन घर, बोलणं रोखठोक, हात सढळ. त्यांनी मला ट्रॅक्टर शिकवला, मग जीप हातात दिली. टायफॉइडनं मी पडलो तेव्हा त्यांच्या बायकोनं, आक्कांनी, मला गोठ्याशेजारच्या खोलीतून उचलून आत आणलं आणि पेज पाजून उभं केलं. त्यामुळं ह्या घराच्या शब्दाबाहेर जायचं नाही हे मी मनाशी धरलं होतं. अण्णांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं, तर मी फक्त कुठल्या विहिरीत एवढंच विचारलं असतं.

तर शेजारच्या गावातला एक बागायतदार परदेशात द्राक्षबागा बघायला म्हणून जाऊन आला. बागा किती बघितल्या देव जाणे. येताना एक फोटो घेऊन आला. काळा कोट, कानटोपी, पायाखाली बर्फ. फोटो त्यानं चौकटीत घालून बैठकीत असा लावला, की आलेल्या पाहुण्यानं चहाचा कप तोंडाला लावला की समोर तोच दिसावा. अण्णा तिथं एकदा चहा पिऊन जीपमध्ये बसले. बंगल्याच्या फाटकाशी आल्यावर म्हणाले,

"नुसता उभा ऱ्हायलाय बर्फात. त्यात काय हाय रं? उभं तर कुणीबी ऱ्हाईल."

"व्हय अण्णा," मी म्हटलं. माझं कामच ते होतं.

अण्णांचे जावई पुण्याचे. शिकलेले, गुळगुळीत, बोलताना मधूनमधून इंग्रजी पेरणारे. अण्णांच्या मनातली सल त्यांनी बरोबर ओळखली आणि पुढच्या खेपेला येताना रंगीत माहितीपत्रकांचा गठ्ठाच घेऊन आले. त्यात गोरी माणसं पायाला लांब फळ्या बांधून, दोन्ही हातांत काठ्या धरून डोंगरावरून खाली येत होती. स्कीइंग म्हणतात त्याला, जावई म्हणाले. डोंगर उतरायचा, पाळण्यात बसून पुन्हा वर जायचं आणि पुन्हा उतरायचं. दिवसभर तेच.

"आणि खाली काय काम असतं त्यांचं?" आक्कांनी विचारलं.

"काम नसतं आई. तोच खेळ."

आक्कांनी पदर सावरला आणि त्या आत गेल्या. मलाही तेच वाटलं होतं, पण मला कोण विचारतंय. आमच्याकडं डोंगर चढ-उतर करणाऱ्याच्या डोक्यावर भारा असतो, नाहीतर पाठीवर आजारी माणूस. मोकळ्या हातानं डोंगर उतरणारा मी तोवर पाहिला नव्हता.

मग बैठक बसली. बैठक म्हणजे अण्णा सोफ्यावर, जावई खुर्चीवर, आक्का दाराच्या चौकटीत आणि मी दाराबाहेर, चपला घातलेला, हाक मारली की धावायला तयार. जावयांनी सांगितलं, लोक तिकडं नाताळापासून मार्चपर्यंत जातात. अण्णांनी त्यांच्याकडं असं बघितलं, की ह्या माणसाला आपण पोरगी दिली कशी.

"जावईबापू, डिसेंबरात बागेला काय असतंय ठाऊक हाय का? दव पडलं की डावणीचा रोग येतो. घड काळे पडत्यात. एक फवारा चुकला तर वर्ष गेलं. फेब्रुवारी-मार्चला माल उतरायचा, व्यापारी दारात. बाग टाकून मी बर्फात जाऊ?"

आक्कांची वेगळीच अडचण होती. त्या दिवस मावळल्यावर अन्नाला हात लावत नसत, पाणीसुद्धा घेत नसत. त्यांनी विचारलं, तिकडं दिवस मावळतो कधी? जावयांनी पत्रकं चाळली आणि खाली मान घालून सांगितलं, की हिवाळ्यात साडेचारच्या सुमाराला.

"आणि उगवतो?"

"आठ वाजता."

"म्हंजे मी उठल्यापासनं जेवतच बसू का? दुपारी तीनला रात्रीचं जेवायचं आणि मग काय करायचं? भिंत बघत बसायची?"

पण जावई पुण्याचे, वाट काढणारच. उन्हाळ्यात, म्हणाले, तिकडं रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आक्कांचा चेहरा एकदम मोकळा झाला. अण्णांनी बोटांवर हिशोब मांडला. मार्चअखेर बाग उतरते, एप्रिलात वेलाची खरड छाटणी. जुनं सगळं छाटून वेल बोडका करायचा, पुढच्या वर्षी घड धरणारी काडी तयार व्हायला सोडायचा. ती उरकली की मे महिन्यात थोडी सवड. नातवंडांना शाळेची सुट्टी. आक्कांना जेवायला नऊपर्यंत उजेड.

"ठरलं," अण्णा म्हणाले. "मे!"

आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. जावयांनी डोलावली, आक्कांनी डोलावली, बाहेरून मीसुद्धा डोलावली. भिंतीवर एका खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं. जावयांनी उठून मे महिन्याचं पान वर केलं. त्यावर पांढऱ्याशुभ्र डोंगराचं चित्र होतं. ते बघून उरलासुरला विचारही कुणी केला नाही. तासगावच्या कारखान्यातली बर्फाची लादी भुशात पुरून ठेवली तरी संध्याकाळी तिचं पाणी होतं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण परदेशातला बर्फ म्हणजे काही वेगळाच माल, पक्का, टिकाऊ, घड्याळासारखा, अशी सगळ्यांचीच समजूत. माझीही.

मग अण्णांनी मला आत बोलावलं.

"मेढ्याच्या, तू बी यायचं. तू डोंगरातला गडी. घसरणीची तुला सवय हाय. आमाला धरायला, सामान उचलायला कोणतरी पायजे."

पण मे महिना माझा नव्हता; तो माझ्या आईच्या घराचा होता.

आमच्या जावळीत पाऊस पडत नाही, कोसळतो. मे महिन्यात घर शाकारून घ्यावं लागतं. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, कुजलेले वासे काढायचे, भिंतींना गवताचे झाप बांधायचे. हे झालं नाही तर जूनमध्ये घरात राहणं आणि ओढ्यात राहणं सारखंच. घरात आई एकटी. भावकीतल्यांना आपापली घरं असतात, ते आपापल्या छपरावर असतात. आदल्या वर्षी अण्णांच्या बेदाण्याचं काम लांबलं, मी उशिरा पोचलो, तोवर आई स्वतःच शिडीवर चढली होती. कंबरेवर पडली. त्यानंतर ती वाकून चालायला लागली. ह्या वर्षी मी गेलो नाही, तर ती वाकलेली बाई पुन्हा शिडीवर चढणार, हे मला लख्ख दिसत होतं.

"व्हय अण्णा," मी म्हटलं.

दुसरं काय म्हणणार? पेज आठवत होती.

त्यानंतर महिना-दीड महिना जो काही प्रकार झाला, तो आठवला की मला अजून शहाण्यासुरत्या माणसांची कीव येते. आधी सांगलीला नेऊन पासपोर्टासाठी माझा फोटो काढला. फोटोवाल्यानं दुकानातला कोट माझ्या अंगात घातला, गळ्याला टाय बांधला. त्या कोटात माझ्या आधी निम्मी सांगली घामेजून गेली असावी. फोटोत मी असा दिसत होतो, की कुणीतरी मला फाशी द्यायला उभं केलंय आणि वर हसायला सांगितलंय.

मग लोकरी कपडे. एप्रिलच्या उन्हात अण्णा कानटोपी घालून बैठकीत बसायचे. म्हणायचे, डोक्याला सवय लावून घेतो. मानेवर घामोळं उठलं तरी टोपी काढेनात. जो येईल त्याला सांगायचे, आमी नुसतं उभं ऱ्हायला न्हाई चाललो, घसरायला चाललोय. येणाऱ्याला हसू दाबवत नसे, पण चहा त्यांचाच असायचा.

शेवटी सराव. जावई म्हणाले, थोडा सराव हवा. अण्णांनी सुताराला पत्रकातलं चित्र दाखवलं. सुताराचा हात बैलगाडीवर बसलेला. त्यानं सागवानी फळ्यांचे दोन जोड केले, पुढच्या टोकाला वळणदार तुकडे बोल्टनं पक्के जोडले आणि म्हणाला, "बैल मेला तरी ह्ये टोक निघायचं न्हाई." गावाबाहेरच्या माळाच्या उतारावर वाळलेल्या कुसळी गवतावर आम्ही गेलो. फळ्यांना खालून गाडीचं वंगण फासलं. जावयांनी फळ्या पायाला बांधल्या, हातात उसाच्या दोन टिपऱ्या घेतल्या आणि म्हणाले, "सोड."

मी सोडलं. ते हललेच नाहीत.

"ढकल की रं!" अण्णा ओरडले.

मी ढकललं. फळ्या वंगणानं गवताला चिकटून जागीच राहिल्या, बांधलेल्या दोऱ्या तुटल्या आणि जावई एकटेच पुढं गेले. तोंडावर. कुसळं नाकात, कानात, त्या उंची स्वेटरात. मेंढरं राखणारा एक म्हातारा वरून बघत होता. त्यानं हाळी दिली, "पाव्हणं, कशानं पडला?"

"खेळतोय!" अण्णा वर बघून ओरडले.

"मग चालू द्या," म्हातारा म्हणाला आणि बघायला खाली बसला.

त्या दिवशी मी रात्रभर कुसळं वेचत बसलो नाही, ते काम जावयांच्या बायकोनं केलं. पण मला झोप आली नाही. गावाकडून येणाऱ्या एका ट्रकवाल्यानं आईचा निरोप सांगितला होता: गवत कापून ठेवलंय, कवा येतोस? मी उत्तर धाडलं नव्हतं. काय धाडणार होतो? मी फळ्यांवरून घसरायला परदेशी चाललोय, तू तेवढी शिडीवर जपून चढ?

मग मुंबईच्या तिकीटवाल्याला ट्रंक कॉल लावला. फोन बैठकीत होता. सगळे भोवती जमले, मी दारात. लाईन इतकी वाईट, की तिकडचा माणूस जे बोलेल ते जावई मोठ्यानं पुन्हा बोलून खात्री करून घेत होते. त्यामुळं सगळं आम्हाला जसंच्या तसं ऐकू आलं.

"हॅलो! मे, हो, मे! ... काय? वितळतो? ... अहो, बर्फ वितळतो? ... पाळणे बंद? सगळे पाळणे? ... हॉटेलं पण बंद? ... मग त्या डोंगरावर असतं काय? ... काय चरतात? ... गाई?"

जावयांनी फोन खाली ठेवला.

"कोण चरतंय?" अण्णांनी विचारलं.

"गाई, अण्णा. मे-जूनमध्ये तिथं गवत असतं. गाई चरतात."

अण्णांनी डोक्यावरची कानटोपी काढली. मांडीवर ठेवली. डोक्याचा घाम पुसला. "गाया," ते म्हणाले. "गाया बघायला मी विमानात बसू?"

"नाताळात जाऊ की आपण," जावई चाचरत म्हणाले.

"आणि फवारा तुमी मारणार का?"

"आणि तीनला जेवायचं," आक्का आतून म्हणाल्या.

एवढ्यावर ते संपलं. जावई दुसऱ्या दिवशी पुण्याला गेले, पत्रकं बरोबर घेऊन. ज्या माणसांनी महिनाभर एकमेकांना बर्फाच्या गोष्टी सांगितल्या, त्यांच्यातल्या कुणालाही बर्फाला ऋतू असतो हे सुचू नये, आणि द्राक्षाला कुठल्या आठवड्यात काय होतं हे मात्र झोपेतही सांगता यावं! आपल्या बागेची घडी मोडू नये म्हणून त्यांनी परदेशाचा हिवाळाच उन्हाळ्यात ओढून आणला होता. आणि मी, घर गळत असलेला माणूस, त्या वरातीत हमाल म्हणून नाव घालून बसलो होतो.

संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकल्यावर, मी अण्णांपुढं जाऊन उभा राहिलो.

"अण्णा, गावाकडं जायाचं हाय. घर शाकारायचं हाय. आय एकटी हाय."

अण्णांनी वर बघितलं. "आणि मग आमच्यासंगं बर्फावर कसा येणार हुतास?"

मी जीपची किल्ली काचेच्या टेबलावर ठेवली.

"बोल की. घर उघडं टाकून येणार हुतास? येडा हायस का खुळा हायस रं तू?"

खरं तर ह्यावर मला पुष्कळ बोलता आलं असतं. एका शब्दानं विचारलं तरी होतं का कुणी, हे बोलता आलं असतं. पण आक्का दारात उभ्या होत्या, म्हणाल्या, "उद्याच जा. आणि आईला चार किलो बेदाणे घेऊन जा." मग मी काय बोलणार? त्या घरानं मला कधी नीट रागावूसुद्धा दिलं नाही.

निघताना अण्णांनी फळ्यांकडं बोट दाखवलं. "ही भानगड बी घेऊन जा. डोळ्यांपुढं नको."

विट्याच्या स्टँडवर गाडी बदलताना कंडक्टरनं फळ्या बघून विचारलं, "काय हे?"

"बर्फावर घसरायच्या फळ्या."

"निघालास कुठं?"

"मेढ्याला."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, तिकीट फाडलं आणि लांबच्या बाकाकडं बोट केलं.

घरी पोचलो तर शिडी भिंतीला लावलेलीच होती. आई शिडीच्या पायरीशी बसून धापा टाकत होती, पदरात दोन कौलं. मी कौलं काढून घेतली, तिला खाली ओट्यावर बसवलं. छपरावर पाय ठेवायला आधार नव्हता. जुने वासे पायाखाली कुरकुरत होते. मग सुचलं. फळ्यांवरचं वंगण राखेनं घासून काढलं, वर गोणपाट गुंडाळलं आणि त्या छपरावर उभ्या टाकल्या. सुतारानं जोडलेली वाकडी टोकं आढ्यावर अशी पक्की अडकली, की मी पूर्ण भार टाकून त्यांवर उभा राहिलो तरी फळ्या बोटभरही सरकल्या नाहीत. त्यांवर उभा राहून मी सगळं छप्पर उतरवलं आणि पुन्हा घातलं.

आई खालून कौलं देत होती. मधेच थांबून ती फळ्यांकडं बघायला लागली.

"ह्ये कशापायी केलं हुतं रं?"

"घसरायला."

तिनं फळ्या वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळल्या.

"मग न्हाई जमलं त्यांना," ती म्हणाली आणि पुढचं कौल वर दिलं.