येता का झाकून ठेवू?

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या सदरात लोक पिंपळ, पांढरी साडी, उलटे पाय वगैरे लिहितात, ते मी दुपारच्या चहाबरोबर वाचते आणि पोट धरून हसते. अकोल्याच्या शाळेत मी नोकरीभर विज्ञान शिकवलं. मांजर आडवं गेलं तर मी मांजराला आधी जाऊ देते, कारण घाईत तेच असतं. तेव्हा हे सगळं न घाबरणाऱ्या, आणि नवऱ्याच्या मते जरा जास्तच बोलणाऱ्या बाईनं लिहिलंय, एवढं ध्यानात ठेवा.

माझे धाकटे दीर, विलासभाऊजी, नौदलातून रिटायर होऊन वलगावला शेती करायला आले. समुद्र सुटला, पण डोक्यातलं पाणी काही आटलं नाही. कुठूनशा जुन्या डिंग्या, म्हणजे शिडाच्या छोट्या होड्या, ट्रकवर घालून आणल्या आणि दिवाळीनंतर आम्हा दहा-बारा नातेवाइकांना आठवडाभराच्या कॅम्पला ओढलं. वऱ्हाडात शिडाची होडी! जिथे नळ आला की लोक एकमेकांना फोन करून सांगतात, तिथे...

जागा सांगते. अमरावतीहून मोर्शीकडे गेलं की धरणाचं बॅकवॉटर लागतं. पाऊस चांगला झाला की जुन्या टेकड्यांचे शेंडे तेवढे पाण्याबाहेर उरतात, तीच आमची बेटं. सगळ्यात मोठ्या बेटावर आमचे तंबू. उत्तरेला पाण्यात बुडालेल्या झाडांची खोडं, तिकडे होडी न्यायची नाही असा भाऊजींचा हुकूम. आणि पश्चिमेला, खूप लांब, एक टीचभर टेकडी. तिच्यावर एकच बाभूळ. ही टेकडी लक्षात ठेवा.

गावाकडच्या काठावर भाऊजींनी झोकात बॅनर लावला होता – ‘डिंगी कॅम्प’. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे एक आजोबा घोंगडी पांघरून, हाताची बाही वर करून उभे.

“घ्या बापू रक्त. परवापासून ताप हाय.”

त्यांना तो डेंगीचा कॅम्प वाटला होता. भाऊजींनी समजावलं, “बाबा, हा होडीचा कॅम्प हाय.” आजोबा होडीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “होडीनं उतरते का ताप?” शेवटी मी त्यांना तापाची गोळी दिली, चहा दिला, आणि गावातल्या दवाखान्यात जायला सांगितलं. जाताना ते बाकीच्यांकडे फार दयेनं बघत होते.

आता आमचे हे. प्रभाकरराव, गणिताचे रिटायर मास्तर. माणूस सोन्यासारखा, पण दोन गोष्टी आहेत. एक, यांना शुगर आहे, गोळी घेतली की वेळेवर जेवावंच लागतं. दोन, हे बोलावल्याशिवाय ताटावर येत नाहीत. ही यांच्या घरची रीत. पहिल्या हाकेला उठला तो हावरट! म्हणून पहिली हाक यांना ऐकूच येत नाही. दुसरीला म्हणतात, “होऊ द्या तुमचं.” तिसरीला मी गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडते, “येता का झाकून ठेवू?” मग हे जगावर उपकार केल्यासारखे उठतात.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी रोडगे केले. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणकेचे गोळे भाजायचे आणि तूप ओतून वांग्याच्या भाजीसोबत खायचे. जरा कडक झाले, मान्य आहे. बेटावर वारा होता, निखारा कधी फुलायचा, कधी विझायचा. पण यांनी सगळ्यांसमोर रोडगा हातात तोलून पाहिला आणि म्हणाले, “विलास, नांगर कायले इकत आणला बे? हा रोडगा दोरीले बांधून सोड पाण्यात. पाह्य, होडी जागची हालत नाही.”

सगळे खो खो हसले. भाऊजींना तर ठसका लागला. मी हसले नाही.

“आजपासून तुमाले जेवाले बोलावलं तर नावाची सुनंदा नाही,” मी म्हटलं.

“नको बोलावू. मी काही मरून नाही राहिलो जेवाले.” आणि हे ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे झाले. भाऊजींनी बोलावलं, “दादा, या ना.” त्यांच्या बायकोनं बोलावलं. पण नाही. जिनं शपथ घेतली तिनंच मोडावी, असा यांचा हिशेब. सवयीनं गोळी मात्र घेतली. ते मी पाहिलं. दुपारी वरण-भात तयार झाला तेव्हा हे लाईफ जॅकेटचे पट्टे आवळत होते आणि तिरक्या डोळ्यांनी माझ्याकडे बघत होते. मीही बघत होते. शब्द अगदी ओठावर होता... पण तो रोडगा आठवला आणि मी तोंड फिरवलं. हे सगळ्यात छोटी डिंगी घेऊन एकटेच निघून गेले.

थोड्या वेळानं भाऊजी आकाशाकडे बघत म्हणाले, “वयनी, आभाळ भरून राहिलं. दादा कुठं गेला?”

अवकाळी पाऊस आम्हा वऱ्हाडकरांना नवा नाही, पण तो शेतात बघणं वेगळं आणि चहूकडे पाणी असताना बघणं वेगळं. दक्षिणेकडून वारा सुटला, पाठोपाठ पावसाचा पडदा आला आणि समोरचं काही म्हणता काही दिसेना. वारा सरळ उत्तरेला, त्या खोडांकडे नेणारा. मदतीला आणलेल्या मोटारबोटीचं इंजिन भाऊजी दोरी ओढून ओढून चालू करत होते आणि ते फक्त खोकत होतं. मला भीती वाटली, आणि भुताची नाही, त्या उपाशीपोटी घेतलेल्या गोळीची. हातपाय थरथरायला लागून हा माणूस एकटा होडीत पडला असेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. माझ्या! भाऊजी आजही साक्षीला आहेत की त्या वेळात मी एक अक्षर बोलले नाही.

शेवटी इंजिन लागलं. पाऊस ओसरला तेव्हा भाऊजी डिंगी मागे बांधून परत आले, आणि पुढच्या बोटीत हे बसलेले. ओलेचिंब, पण चेहरा असा की लग्नाच्या पंगतीतून उठून आलेत. मला रडूच कोसळलं. हे उतरले, माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, “बरं झालं तू बोलावलं बापा. नाही तर मी गेलोच होतो त्या खोडांवर.”

“मी कुठं बोलावलं?”

“अवं, बोलावलं ना! त्या बाभळीच्या टेकडीवरून.”

मग सगळं बाहेर आलं. पावसात यांना दिशा कळत नव्हती. तेवढ्यात डाव्या अंगानं, म्हणजे आम्ही होतो त्याच्या अगदी उलट बाजूनं, बाईचा आवाज आला, “या जेवाले.” हे रागात होते, लक्ष दिलं नाही. पुन्हा आला. सवयीनं हे ओरडले, “होऊ द्या तुमचं!” (भर पावसात, बुडत असताना! हा माणूस असा आहे.) आणि तिसऱ्यांदा आवाज आला, “येता का झाकून ठेवू?” तशी यांनी मुकाट्यानं सुकाणू वळवलं. टेकडीच्या आडोशाला वारा नव्हता, होडी आपोआप किनाऱ्याला लागली. तिथे कोणी नव्हतं. गोवऱ्यांच्या धुराचा वास मात्र होता. “मग?” मी विचारलं. “मग काय, बसलो बाभळीखाली. डोळा लागला जरासा.”

भाऊजी म्हणाले, “वयनी तर इथं आमच्यापाशी उभ्या होत्या, दादा.”

मी शुगरचं मीटर काढलं, यांचं बोट टोचलं. कालपासून उपाशी, त्यात गोळी, शुगर खाली गेलेली असणार, म्हणून दुसऱ्या हातात साखर तयार. आणि आकडा आला भरपेट जेवल्यावर येतो तसा! मी पट्टी बदलली. पुन्हा तेच. मग माझ्या बोटावर पाहिलं, माझा आकडा बरोबर. मीटर खोटं बोलत नव्हतं.

“काय खाल्लं तुमी तिथं?”

“शपथ घेतो, काही नाही.” आणि एवढं बोलून यांनी ढेकर दिला.

आता उपाशी माणसालाही ढेकर येतो, पण तो वेगळा. उभा संसार मी या माणसाचे ढेकर ऐकत आले आहे. हा वांग्याच्या भाजीचा होता, आणि माझ्या भाजीला हा ढेकर कधी आला नव्हता. इतका वेळ जीव मुठीत धरून उभी असलेली मी, पहिला प्रश्न काय विचारला असेल? “कोण होती थे?”

भाऊजींच्या बायकोचं म्हणणं, पाण्याखाली जुनं गाव आहे, तिथली कोणी असेल. गाव तर प्रत्येक धरणाखाली असतं. म्हणून काय गावोगावच्या बायका माझ्या नवऱ्याला जेवायला बोलावणार?

दुसऱ्या दिवशी ऊन पडल्यावर मी भाऊजींना बोट काढायला लावली. टेकडीवर दगड, बाभूळ, पक्ष्यांची घाण. चूल नाही, राख नाही, माणसाचं पाऊल नाही. मी सोबत ताट नेलं होतं – रोडगे (या वेळी मऊ), भाजी, तूप. का नेलं, विचारू नका. कोणी का असेना, माझ्या माणसाला वाचवलं होतं तिनं, आणि आपल्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. बाभळीखाली ताट ठेवलं. भाऊजी बघतायत म्हणून लाज वाटत होती, तरी म्हटलं, “बाई, या जेवाले.”

काहीच नाही. वाराही नाही. आम्ही बोटीत बसलो, आणि मागून, अगदी शांतपणे, बाईच्या आवाजात शब्द आले –

“होऊ द्या तुमचं.”

मी भाऊजींकडे पाहिलं. सगळं आयुष्य समुद्रावर काढलेल्या त्या माणसानं मान वर न करता इंजिनची दोरी ओढली. त्या दिवशी ते पहिल्या झटक्यात लागलं.

अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की ताणानंही शुगर वाढते. मी विज्ञानाची बाई, मला पटलं. ढेकराबद्दल विचारलं, तर त्यांनी ॲसिडिटीची गोळी लिहून दिली. जे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं त्याबद्दल तर मी त्यांना विचारलंच नाही.

एकदा मी यांना विचारलं, आवाज खरंच माझाच वाटला का? हे म्हणाले, “तुझाच होता. फक्त वरडून नाही राहिली होती तू.”

ते लागलं मला. तेव्हापासून मी हळू आवाजात बोलावते, आणि हे पहिल्याच हाकेला येतात. तिसऱ्या हाकेची वेळच येत नाही.

पण अधूनमधून असं होतं... कुकरची शिटीसुद्धा झालेली नसते, आणि हे हात धुऊन, पाट घेऊन, समोर येऊन बसतात.

“काहून? मी कुठं बोलावलं आता?”

“आत्ताच तर बोलावलं ना वं.”

मी गॅस मोठा करते.